सालिम अली

सालिम मोईझुद्दीन अब्दुल अली (जन्म : मुंबई, १२ नोव्हेंबर १८९६, मृत्यू : मुंबई, २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक आणि आकाशवाणीवरील निसर्गविषयक वक्ते होते. भारतातील पक्ष्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांनी केलाच, पण तो अभ्यास सामान्य वाचकाच्या आणि श्रोत्याच्या घरापर्यंत नेला, हे त्यांचे वेगळेपण होय.

बालपण आणि शिक्षण

सालिम अली एक वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई वारली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. मामा शिकारी होते. छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्याने त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. ती पीतकंठी चिमणी निघाली. मिलार्ड यांनी मुलाला संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकेही दिली.

शालेय शिक्षणात त्यांना विशेष गोडी नव्हती. १९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते कुटुंबाच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. १९१७ मध्ये परतल्यावर त्यांनी वाणिज्याचे शिक्षण घेतले. त्याच काळात फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राणिशास्त्रही शिकले. मात्र विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि तिच्या अभावी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. पुढे अलिगढ (१९५८), दिल्ली (१९७३) आणि आंध्र (१९७८) या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

किहीम आणि सुगरण

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. लोकांना पक्ष्यांविषयी समजावून सांगण्याचा सराव तेथेच झाला. तेथून रजा घेऊन त्यांनी बर्लिन येथे एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली अभ्यास केला. पण १९३० मध्ये परतले तेव्हा पैशांअभावी ती जागाच रद्द झाली होती. मुंबईतील राहणी परवडेना म्हणून ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथे राहायला गेले.

ही बेकारी पक्षिशास्त्राला मात्र लाभली. घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी रोज तासन् तास निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर ताबा घेते. मग नर ते पूर्ण करून दुसरे विणायला घेतो. एका नराच्या अशा अनेक संसारांचा उलगडा या निरीक्षणातून झाला.

यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ आदी संस्थानांसाठी त्यांनी पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. या भटकंतीत तेहमिना यांची मोलाची साथ होती. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले.

ग्रंथलेखन आणि आकाशवाणी

‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा परिचित पक्ष्यांच्या मापाने सांगण्याची त्यातील पद्धत नवशिक्याला फार सोयीची आहे. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ (१९६८-७४) अभ्यासकांसाठी आहे. १९८५ मध्ये ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र आले.

आकाशवाणीवर १९४०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत त्यांची इंग्रजी भाषणे होत असत. ऐकणाऱ्यापुढे चित्र नसते. रंग, चाल आणि आवाज हे सारे शब्दांतूनच उभे करावे लागते. सालिम अलींची साधी, किंचित मिश्कील शैली या माध्यमाला शोभणारी होती. पक्षी सुंदर आहेत म्हणून वाचवा, एवढ्यावर ते थांबत नसत. किडी व उंदीर खाणारे, परागीभवन आणि बीजप्रसार करणारे पक्षी शेतीला व जंगलाला कसे उपयोगी पडतात, हेही ते पटवून देत. संग्रहासाठी स्वतः असंख्य पक्षी बंदुकीने टिपलेल्या शास्त्रज्ञाची ही भूमिका भाबडी नव्हती. ही भाषणे त्यांची विद्यार्थिनी तारा गांधी यांनी संपादित केली आणि २००७ मध्ये ती ‘वर्ड्स फॉर बर्ड्स’ या नावाने ग्रंथरूपाने आली.

भरतपूर आणि सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठीही त्यांनी आपले वजन खर्च केले. त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे सन्मान मिळाले. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

रानपिंगळा आणि तानसा

सालिम अलींना रानपिंगळा मात्र सापडला नाही. १८७३ मध्ये ह्यूम यांनी वर्णन केलेल्या या लहान घुबडाचे खात्रीचे नमुने १८८४ नंतर मिळालेले नव्हते. रिचर्ड माइनरत्सहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर गुजरातमधील मांडवी आणि १९१४ अशी नोंद होती. याच माइनरत्सहागेन यांच्यासमवेत सालिम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात गेले होते. १९७०च्या दशकात त्या चिठ्ठीवरील ठिकाणी घेतलेला शोध व्यर्थ गेला, कारण ती नोंदच खोटी होती. नमुना जुन्या संग्रहातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती, हे पामेला रासमुसेन यांच्या तपासात पुढे उघड झाले. अस्सल चिठ्ठ्यांच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. तेव्हा सालिम अलींना जाऊन दहा वर्षे झाली होती.

२०१४ मध्ये हा पक्षी ठाणे जिल्ह्यातील शहापूरकडच्या तानसा अभयारण्यातही दिसला. सालिम अलींच्या जन्माआधीपासून, म्हणजे १८९२ पासून, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीचे हे पानझडी जंगल त्यांच्या शहरापासून शंभरएक किलोमीटरवर आहे.