फकीह मखदूम अली माहिमी

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मला पहिल्या क्रमांकाचा पेला मिळाला. भाषण मात्र माझे नव्हते. गावातल्या एका थोरल्या मित्राच्या वहीतून ते मी जसेच्या तसे उतरवून घेतले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. रोज इंदापूरहून एस.टी.ने बारामतीला येतो. अब्बांनी तो पेला कौतुकाने फळीवर मांडला आणि येताजाता माझी मान खाली जाऊ लागली. अशा मनःस्थितीत चांदशाहवली बाबांच्या दर्ग्यात एका वृद्ध मौलवींकडून मी माहीमच्या फकीहांचे चरित्र ऐकले.

मखदूम अलींचा जन्म चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीम येथे झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. पाणी मागून झोपी गेलेल्या आईच्या उशाशी ते रात्रभर पेला घेऊन उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते धर्मशास्त्राचे मोठे पंडित झाले. फकीह म्हणजे इस्लामी कायद्याचा जाणकार. त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. त्यात एका आयतीचा पुढच्या आयतीशी असलेला संबंध उलगडून दाखवला आहे. इ.स. 1431 मध्ये ते निवर्तले. आजही माहीमच्या जत्रेत पहिला मान पोलिसांचा असतो.

हे भाष्य कित्येक शतके हस्तलिखितांतून टिकले आणि एकोणिसाव्या शतकात कैरोजवळ बुलाक येथे छापले गेले. नकला उतरवून घेणाऱ्यांना कोणी चोर म्हटले नाही. इस्लाममध्ये विद्या लपवणे हेच पाप मानले आहे. परंतु ती कोणाकडून मिळाली, त्या गुरूचे नाव सांगण्याची शिस्त फार कडक. हदीस सांगताना सांगणाऱ्यांची सारी साखळी आधी द्यावी लागते. म्हणजे नक्कल चालते, नाव गिळलेले चालत नाही.

लेखनाच्या मोबदल्याविषयी मात्र शास्त्रकारांत मतभेद होते. आमच्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. जुन्या हनफी मताप्रमाणे जी साठवता येते तीच मालमत्ता. कोकणी मुसलमान शाफई, आणि मखदूम अलीही शाफईच. त्या मताप्रमाणे वस्तूपासून मिळणारा उपयोग हीसुद्धा मालमत्ता ठरते. अखेर 1988 साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध व व्यापारचिन्ह यांवरील हक्क मान्य केले. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानेही लेखकाचा नावावरचा हक्क राखला आहे. लेखन विकले तरी तो सुटत नाही.

चरित्र ऐकून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पेला पिशवीत घालून त्या मित्राकडे गेलो. बारावीनंतर शिक्षण सोडून तो आता दुसऱ्याच्या शेतात राबतो. सारे ऐकल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग पेला ठेवून घेतला आणि वही मला परत दिली. अब्बांना सांगणे त्याहून जड गेले. फळीवरची ती जागा अजून रिकामीच आहे.

हे चरित्र मी इंदापूरच्या मौलवीसाहेबांकडून ऐकले, उरलेले आमच्या ग्रंथालयात वाचले. लिहिले मात्र मी.

— द्वितीय वर्ष, बी.ए.