महात्मा गांधी आणि शीतजलाचा उपचार

पौषातील पहाटे खाडीवरून गार वारा वाहू लागला म्हणजे ठाणे-कल्याणकडील आमचे कित्येक विद्यार्थी थंड पाण्याचा तांब्या हाती घेऊन विचार करीत उभे राहतात. त्यांच्याकरिता महात्मा गांधींच्या चरित्रातील एक प्रसंग सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. विलायतेत बॅरिस्टर होऊन १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेस गेले. लुई कूने या जर्मन गृहस्थाने प्रचारात आणिलेले कटिस्नान, म्हणजे टबातील थंड पाण्यात कंबरेपर्यंत बसण्याचा उपचार, त्यांनी स्वतःवर अजमावून पाहिला होता.

१९०२ साली ते मुंबईस गिरगावात राहात असता त्यांचा सुमारे दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणास खिळला. अंडी व कोंबडीचा रस्सा द्यावा, असे डॉक्टरांनी सुचविले. शाकाहारव्रती पित्याने ते नाकारले. मात्र नाडी व छाती तपासण्यास डॉक्टरांनी येत राहावे, अशी विनंती केली. तीन मिनिटांहून अधिक नाही इतके कटिस्नान आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस, एवढाच उपचार सुरू झाला. तरी ज्वर १०४ अंशांपर्यंत चढे व रात्री मुलगा बरळे. आपल्या मतापायी मुलाचा जीव तर जाणार नाही ना, या विचाराने पित्याचे मन पोळू लागले.

अखेर त्यांनी चादर भिजवून पिळली, मुलाला तीत गुंडाळिले, वर दोन कांबळी घातली व डोक्यावर ओला पंचा ठेविला. मुलास मातेच्या स्वाधीन करून, मनात रामनाम घेत, रात्री दहाच्या सुमारास ते चौपाटीवर फिरावयास गेले. परत येऊन पाहतात तो मुलास घाम सुटला होता! पुढे चाळीस दिवस पाणी घातलेले दूध व फळांचा रस यांवर राहून मणिलाल बरा झाला.

हे यश ईश्वरी कृपेचे, पाण्याचे की शुश्रूषेचे, हे निश्चयाने सांगता येत नाही, अशी कबुली गांधीजींनी आत्मचरित्रात दिली आहे. आम्हांस हा प्रांजळपणा फार मोलाचा वाटतो. १९२४ साली आंत्रपुच्छाचा विकार झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून त्यांनी शस्त्रक्रियाही करून घेतली. तरीही निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. मार्च १९४६ मध्ये पुण्यापलीकडील उरुळी कांचन येथे राहून त्यांनी गोरगरिबांसाठी असे उपचार सुरू केले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांचा देहान्त झाला. उरुळीचा आश्रम त्यांच्यामागेही चालत राहिला.

विद्यार्थ्यांनो, विषमज्वरावर आज खात्रीची औषधे आहेत. तेव्हा ज्वर आल्यास वैद्यास बोलावणे हेच शहाणपण. दुर्बल हृदयाच्या माणसाने एकाएकी गार पाण्यात उतरणेही धोक्याचे होय. निरोगी मुलाने मात्र पहाटेचा तांब्या खुशाल अंगावर घ्यावा, आणि आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्या त्या पित्याची आठवण ठेवावी.