अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

वार्षिक परीक्षा संपल्या की मैत्रिणींनो, आपल्यापुढे एकच प्रश्न असतो, आता सुट्टीभर या पोरांचं करायचं काय? ज्यांना परवडतं त्या छंदवर्गाची फी भरतात, बाकीच्या मोबाइल हातात देऊन मोकळ्या होतात. आणि जूनमध्ये शाळा उघडली की दुसरीतून तिसरीत गेलेलं पोर हातच्याची वजाबाकी विसरलेलं असतं, वाचताना जोडाक्षरापाशी अडखळतं. आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला की आपण जेमतेम चौथी शिकलेल्या, आपण काय शिकवणार, असं एखादी तरी म्हणतेच. अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, म्हणून मुलीच्या शिक्षणाला आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळात बी. ए. झालेली बाई म्हणजे केवढं अप्रूप! लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार काही टिकला नाही. पदरात लहानगी प्रभा. रडत न बसता त्यांनी राजकोट गाठलं आणि तिथे शिक्षिका घडवणाऱ्या बायकांच्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मान होता, पगार होता. तरीही ते सारं सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. एकटीच्या जिवावर मुलगी वाढवणाऱ्या बाईने असं पाऊल उचलायला केवढं धाडस लागतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

गिजुभाईंच्या बालमंदिरात छडी नव्हती. मूल हाताने करून, बघून, खेळून शिकायचं. ही माँटेसरीबाईंची पद्धत ताराबाईंनी आपलीशी केली. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पण शहरातल्या शाळेतली ती साधनं महागडी. गरिबाच्या मुलांनी काय करायचं?

ते शोधायला त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. डहाणू तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव, आज पालघर जिल्ह्यात येतं. वयाची पन्नाशी उलटलेली. सोबतीला अनुताई वाघ, लहानपणीच विधवा झालेली, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेली बाई. बालवाडी तर उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. आईबाप कामावर, मोठ्या भावंडाच्या कडेवर धाकटं. मुलांना येता येत नाही म्हटल्यावर या दोघींनी बालवाडीच उचलली आणि त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं कापणं, मग गाणी आणि मोजणी. साधनं म्हणाल तर शिंपले, खडे, बिया, पानं. हीच त्यांची अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची. त्यांना गुरं सोडून शाळेत या म्हणणं सोपं होतं, पण मग घरचं काम कोण करणार? म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचं नावही कुरणशाळा! मला स्वतःला ताराबाईंच्या सगळ्या कामात ही गोष्ट फार मोठी वाटते. मूल जिथे असेल तिथे शिकणं न्यायचं, आणि तिथे जे हाताशी असेल त्यानेच शिकवायचं.

आता आपल्या घरात उन्हाळ्यात काय हाताशी नसतं? चिंच फोडली की चिंचोके निघतात. त्यांचे दहा-दहाचे ढीग घालायचे आणि बारातून सात काढायचे झाले की एक ढीग मोडायचा. हातचा म्हणजे काय ते पोराला दिसतं तरी. गच्चीवर पापड वाळत घातले की एका ओळीत सहा, अशा आठ ओळी, एकूण किती, हे त्यालाच सांगू द्या. किराण्याची यादी त्याला लिहायला लावा, चुकली तर ओरडू नका. रोज संध्याकाळी शेजारची दोन-चार पोरं ओसरीवर जमवून गोष्टीच्या पुस्तकातलं एकेक पान आळीपाळीने मोठ्याने वाचू द्या. यातल्या कशाला डिग्री लागते, सांगा बरं! आईला वाचता येत नसेल तर पोराने वाचावं आणि आईने ऐकावं. ऐकणारं कुणी असलं की मुलं नेटाने वाचतात, हे मी आमच्या वस्तीत पाहिलंय.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या आणि कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे चालू ठेवलं. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली. गावोगावच्या तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत रोज मूल सोडायला जाणाऱ्या कितीजणींना ते नाव बोर्डीहून आलंय हे ठाऊक असेल?