मातांचे रक्षक डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामांतील ज्या भगिनी निरनिराळ्या इस्पितळांत परिचारिकेचें किंवा सुइणीचें काम करीत आहेत, त्यांचें स्मरण होणें साहजिक आहे. रोग्यास शिवण्यापूर्वीं हात स्वच्छ धुवावे, ही त्यांच्या शिक्षणांतील पहिली शिस्त. ही शिस्त ज्यानें आंकड्यांनिशीं खरी करून दाखविली, आणि जिच्यापायीं ज्याला पुढें हालांत मरावें लागलें, त्या पुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजीं हंगेरी देशांतील बुडा शहरीं एका कॅथोलिक कुटुंबांत झाला. वडील किराणा मालाचे सुखवस्तु व्यापारी होते. मुलानें वकील व्हावें अशी त्यांची इच्छा. परंतु १८३७ सालीं कायदा शिकण्यास व्हिएन्नास गेलेला हा तरुण लवकरच वैद्यकाकडे वळला. १८४४ सालीं त्यांस पदवी मिळाली, आणि १८४६ च्या जुलैंत व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळांतील पहिल्या प्रसूतिविभागांत, प्राध्यापक योहान क्लाइन यांच्या हाताखालीं, साहाय्यक म्हणून ते रुजू झाले.

या इस्पितळांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. दोहोंमध्यें एक दिवसाआड बाळंतिणी घेतल्या जात. गरीब स्त्रिया येथें येत, कारण खर्च पडत नसे. त्याच्या मोबदल्यांत विद्यार्थ्यांना त्यांच्यावर शिकूं द्यावें लागे. इमारत शेजारीं शेजारीं, अन्न तेंच, हवा तीच. असें असतां १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४,०१० बाळंतिणींपैकीं ४५९ मृत्यु पावल्या, म्हणजे शेंकडा ११ हून अधिक; आणि दुसऱ्यांत ३,७५४ पैकीं १०५, म्हणजे शेंकडा तीनही नाहीं. बहुतेकींस नेणारा रोग एकच, सूतिकाज्वर. शहरांतल्या बायकांना हें ठाऊक होतें. पहिल्या विभागाच्या पाळीच्या दिवशीं आलेल्या स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून, आम्हांस तेथें नेऊं नका अशी विनवणी करीत. कित्येकींची प्रसूति वाटेंतच होई. आणि नवल हें कीं, रस्त्यावर बाळंत झालेल्या त्या अभागिनींना हा ज्वर इतरांपेक्षां कमी येई.

विद्वानांनीं या रोगाचें खापर दूषित हवेवर आणि आकाशांतील कसल्याशा प्रभावावर फोडलें होतें. पण दोन शेजारच्या दालनांवर आकाश निरनिराळें कसें असेल? सेमेलवाइस यांनीं एकेक कारण घेऊन तपासून पाहिलें. दुसऱ्या विभागांत स्त्रिया कुशीवर बाळंत होत. तशी रीत पहिल्यांतही लावून पाहिली. कांहीं फरक पडला नाहीं.

पुढचा प्रयोग आमच्या वाचकांस विशेष वाटेल. मरणोन्मुख बाळंतिणीस पवित्र साक्रामेंत देण्यासाठीं धर्मगुरु येत, तेव्हां त्यांच्यापुढें सेवक घंटा वाजवीत चाले. दुसऱ्या विभागांत आजाऱ्यांच्या खोलीस सरळ वाट होती. पहिल्या विभागांत मात्र धर्मगुरूंस पांच दालनें ओलांडून जावें लागे, आणि खाटेवर पडलेली प्रत्येक स्त्री ती घंटा ऐके. श्रद्धावंतास साक्रामेंत हा धीर आहे. पण जेथें ती घंटा वारंवार वाजते, तेथें पुढची पाळी आपलीच अशी धास्ती बसावी यांत नवल नाहीं. या भीतीनेंच ज्वर येत असेल काय? सेमेलवाइस यांच्या विनंतीवरून धर्मगुरु घंटा न वाजवितां, आडवाटेनें, कोणाच्या नजरेस न पडतां येऊं लागले. तरीही मृत्यु थांबले नाहींत. शंका मात्र एक कमी झाली.

१८४७ च्या मार्चमध्यें ते व्हेनिसची सफर करून परतले, तों त्यांना मित्राच्या मृत्यूची वार्ता कळली. न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का हे शवविच्छेदन करीत असतां एका विद्यार्थ्याच्या सुरीचें टोंक त्यांच्या बोटास लागलें होतें. तेवढ्याशा जखमेनें ते गेले. त्यांच्या मृत शरीराच्या तपासणीचा वृत्तान्त वाचतांना सेमेलवाइस थरारले. कारण ज्वरानें मेलेल्या बाळंतिणींच्या शरीरांत जें जें आढळे, तेंच येथें होतें. पुरुषास सूतिकाज्वर! मग सुरीनें जें कोलेच्कांच्या रक्तांत नेलें, तेंच बाळंतिणींच्या शरीरांत कोण नेत होतें? विद्यार्थी व डॉक्टर सकाळीं प्रेतें चिरीत आणि तेच हात घेऊन प्रसूतिविभागांत येत. सुइणींच्या शिक्षणांत शवविच्छेदन नव्हतें. हात साबणानें धुतले तरी त्यांना प्रेताचा वास राही. वास राहतो त्या अर्थीं कांहींतरी चिकटून राहतेंच, हा त्यांचा तर्क.

याहूनही एक कठीण गोष्ट त्यांस स्वीकारावी लागली. त्या हिंवाळ्यांत कांहीं महिने त्यांच्या जागीं दुसरा साहाय्यक होता, तेव्हां मृत्यु कमी झाले होते. ते स्वतः परत येतांच एप्रिलमध्यें ते शेंकडा १८ वर गेले. ज्वराचें कारण शोधावें म्हणून मेलेल्या बाळंतिणींचीं शरीरें सर्वांत अधिक चिकाटीनें तपासणारे तेच होते. किती माता आपल्या हातून अकालीं गेल्या तें एका देवासच ठाऊक, असें त्यांनीं पुढें आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें लिहून ठेविलें. अशी सदसद्विवेकाची तपासणी स्वतःच्या विद्येसंबंधानें करणारे थोडे असतात, असें आमचें मत आहे.

मे १८४७ पासून त्यांनीं नियम घातला कीं, प्रेतागारांतून येणाऱ्या प्रत्येकानें दाराशीं ठेविलेल्या क्लोरीनच्या पाण्यांत हात धुतल्यावांचून बाळंतिणीस हात लावूं नये. पुढें महाग क्लोरीनऐवजीं क्लोरीनयुक्त चुन्याचें पाणी वापरण्यांत आलें. आजच्या ब्लीचिंग पावडरचीच ही जात. जुलै महिन्यांत २५० प्रसूतींमागें अवघे ३ मृत्यु झाले. १८४८ या सबंध वर्षांत पहिल्या विभागांत ३,५५६ पैकीं ४५ दगावल्या, म्हणजे शेंकडा १.२७, सुइणींच्या विभागाची बरोबरी झाली. त्या वर्षाच्या मार्च व ऑगस्ट महिन्यांत एकही माता या ज्वरानें मेली नाहीं.

तरी शिकणें संपलें नव्हतें. १८४७ च्या ऑक्टोबरांत पहिल्या खाटेवर गर्भाशयाच्या कर्करोगाची एक स्त्री होती. तिला तपासून डॉक्टर त्याच हातांनीं पुढच्या खाटांकडे जात. त्या ओळींतील बारापैकीं अकरा जणी मेल्या. यावरून कळलें कीं, विष केवळ प्रेतांचें नसून जिवंत रोग्याच्या स्रावाचेंही असतें. तेव्हांपासून एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातांना दर वेळीं हात धुणें आवश्यक ठरलें. पुढच्याच महिन्यांत गुडघ्याची जखम वाहत असलेली एक स्त्री आली, आणि त्या दालनांतील इतरांस ज्वर झाला. म्हणून अशा रोग्यास निराळ्या खोलींत ठेवावें हेंही त्यांनीं ओळखिलें. रोग्यास शिवण्यापूर्वीं, निर्जंतुक कृतीपूर्वीं, रक्त वा स्राव लागल्यावर, रोग्यास हात लावल्यानंतर आणि त्याच्या खाटेजवळच्या वस्तूंस हात लावल्यानंतर, असे हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग जागतिक आरोग्य संघटना आज परिचारिकांस शिकविते. आमच्या भगिनींस ते तोंडपाठ असतील. व्हिएन्नांतील त्या दोन स्त्रियांचीं नांवें मात्र कोणास माहीत नाहींत.

एवढा पुरावा असतां लोकांनीं तो मानला कां नाहीं? स्कॉटलंडांत अ‍ॅलेक्झांडर गॉर्डन यांनीं १७९५ सालीं, व अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं १८४३ सालीं असेंच सांगितलें होतें; त्यांसही फारसा मान मिळाला नाहीं. जंतूंचें शास्त्र अजून उदयास यावयाचें होतें. शिवाय आपलेच हात मृत्यु वाहतात हें ऐकणें प्रतिष्ठित डॉक्टरांस असह्य होतें. पण थोडा दोष सेमेलवाइस यांच्याकडेही जातो. हेब्रा, स्कोडा व रोकिटान्स्की या मित्रांनीं त्यांची बाजू मांडली. ते स्वतः मात्र वर्षानुवर्षें लिहीत ना. क्लाइन यांची मर्जी गेली होती, आणि १८४९ मध्यें मुदत संपतांच नेमणूक पुढें चालविली गेली नाहीं. १८५० सालीं हाडामांसाच्या देहाऐवजीं केवळ पुतळ्यावर शिकविण्याची अट घालून त्यांस व्याख्यानाची परवानगी मिळाली. हा अपमान सहन न होऊन त्यांनीं मित्रांचा निरोपही न घेतां व्हिएन्ना सोडलें.

पेश्त येथें संत रोकुस इस्पितळांत १८५१ पासून सहा वर्षें त्यांनीं काम केलें. तेथें ९३३ प्रसूतींत या ज्वरानें ८ मृत्यु झाले. १८५५ सालीं ते विद्यापीठांत प्राध्यापक झाले, १८५७ सालीं त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाच्या सूतिकागृहांत ज्वर पुन्हां डोकावला, तेव्हां चौकशीअंतीं आढळलें कीं, बाळंतिणींखालीं घालावयाच्या चादरी नीट धुतल्या जात नव्हत्या. हात स्वच्छ, पण अंथरूण मलिन! चादरींसाठीं त्यांनीं अधिकाऱ्यांशीं भांडण मांडलें.

१८६१ सालीं त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. तो पसरट आहे, आणि जागजागीं त्यांत राग उसळतो. युरोपांतील विद्वानांनीं त्याकडे पाठ फिरविली, तेव्हां त्यांनीं नामांकित प्राध्यापकांस उघडीं पत्रें छापून त्यांस मातांचे मारेकरी ठरविलें. त्यांच्या रागामागें दुःख होतें, हें आम्ही जाणतों. पण अशा पत्रांनीं कोणाचे हात धुतले गेले नाहींत.

१८६५ च्या उन्हाळ्यांत त्यांचें मन ढळलें. जुन्या मित्रानें, हेब्रानेंच, त्यांस व्हिएन्नांतील वेड्यांच्या इस्पितळांत पोंचविलें. तेथें रखवालदारांनीं त्यांस मारहाण केली. जखमा चिघळल्या, रक्त दूषित झालें, आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, ज्या प्रकारच्या विषाशीं त्यांनीं जन्मभर झुंज दिली त्यानेंच त्यांचा अंत झाला. त्याच्या आदल्याच दिवशीं, १२ ऑगस्टला, ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यांनीं गाडीखालीं पाय सांपडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडची पट्टी बांधिली. मुलगा बरा झाला. १८७९ मध्यें पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं सूतिकाज्वराचे जंतु सर्वांस दाखवून दिले.

सेमेलवाइस यांच्या अस्थि १८९१ सालीं बुडापेश्त येथें आणण्यांत आल्या. ते ज्या घरांत जन्मले तें आतां वैद्यकाच्या इतिहासाचें संग्रहालय असून, त्या घराच्याच भिंतींत त्यांस चिरविश्रांति मिळाली आहे. संत रोकुस इस्पितळासमोर त्यांचा संगमरवरी पुतळा उभा आहे. त्याच्या पायथ्याशीं तान्हें मूल घेऊन एक माता बसलेली आहे.