पायाला भिंगरी : ॲना पावलोवा

रशियातील सेंट पीटर्सबर्ग या शहरी १८८१ साली एका धोबिणीच्या पोटी ॲना पावलोवाचा जन्म झाला. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या या मुलीची प्रकृती तोळामासा होती. एकदा आईने तिला शहरातील मोठ्या नाट्यगृहात बॅले, म्हणजे संगीताच्या साथीने सादर होणारे नृत्यनाट्य, दाखवायला नेले. त्या दिवसापासून ॲनाच्या मनाने नर्तकी होण्याचा ध्यास घेतला. लहान व अशक्त म्हणून शाही नृत्यशाळेने आरंभी तिला नाकारले. १८९१ साली मात्र तिला प्रवेश मिळाला.

त्या काळी नर्तकी म्हटली की पीळदार अंगाची, गिरक्यांवर गिरक्या घेणारी, अशी अपेक्षा असे. ॲना किडकिडीत होती. तिच्या तळपायाची कमान इतकी उंच होती की अंगठ्यावर उभे राहताना सारा भार तिथेच येई. तिने बुटाच्या तळाला कडक चामड्याची जोड दिली आणि त्यातून वाट काढली. तिच्या हालचालींतील हळवेपणा प्रेक्षकांना भावला आणि १९०६ साली ती शाही रंगमंचाची प्रमुख नर्तिका झाली. मिखाइल फोकिन यांनी तिच्यासाठी बसवलेले मरणासन्न हंसाचे नृत्य जेमतेम काही मिनिटांचे. पण पुढे आयुष्यभर तीच तिची ओळख ठरली.

मानमरातब आणि निश्चित वेतन देणारे हे पद सोडायला कोण तयार होईल? ॲना झाली. १९०८ पासून ती दौऱ्यांवर जाऊ लागली. १९१२ साली तिने लंडनमध्ये घर घेतले, स्वतःची मंडळी उभी केली आणि विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर घेतले. १९१४ साली महायुद्ध पेटले, त्या सुमारास ती रशियातून बाहेर पडली, ती मायदेशी कधीच परतली नाही.

दौऱ्यावरचे जिणे दुरून मोहक वाटते. प्रत्यक्षात आज या गावी प्रयोग, रात्री आगगाडी, उद्या दुसरे गाव, असा तो क्रम होता. पडदे, पोशाख, वाद्ये यांच्या पेट्या बांधायच्या आणि सोडायच्या. कुठे फळ्या उंचसखल, तर कुठे रंगमंचच नाही. मेक्सिकोत १९१९ साली ती बैलझुंजीच्या आखाड्यात नाचली. न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये १९१६ साली संगीत, विनोद आणि बर्फावरील खेळ अशा खिचडी कार्यक्रमात तिने बॅले सादर केला. जाणकारांनी नाके मुरडली असतील. पण मंडळीतील कितीतरी जणांची पोटे तिच्या पायांवर अवलंबून होती. प्रवासाने शरीर आंबले तरी रोजचा सराव तिने चुकवला नाही.

१९२२-२३ च्या पूर्वेकडील दौऱ्यात ती भारतात आली. येथील नृत्य पाहण्याची तिला उत्कंठा होती. परंतु सुशिक्षित समाज त्या कलेकडे तुच्छतेने पाहत असल्याने तिची निराशाच झाली. तरी तिने ध्यास सोडला नाही. अजिंठ्याच्या चित्रांवरून स्फुरलेले नृत्यनाट्य १९२३ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी तिथे चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकर या तरुणाच्या साहाय्याने तिने राधाकृष्णावर नृत्य बसवले आणि स्वतः राधा झाली. बॅले शिकू पाहणाऱ्या उदय शंकरांना तिने आपल्या देशातील परंपरेकडे वळायला सांगितले. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही तिने हाच सल्ला दिला. रुक्मिणीदेवींनी भरतनाट्यमचा अभ्यास केला व १९३६ साली मद्रासमध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली.

जानेवारी १९३१ मध्ये नव्या दौऱ्यासाठी ॲना हेग येथे पोहोचली, ती आजारी अवस्थेतच. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. शस्त्रक्रियेने जीव वाचला असता, पण नृत्य थांबले असते, म्हणून तिने नकार दिला, असे सांगतात. २३ जानेवारीला तिचे निधन झाले. पन्नासाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. पुढे लंडनच्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदाने हंसाच्या नृत्याचे संगीत वाजवले. पडदा वर गेला आणि प्रकाशझोत मोकळ्या रंगमंचावर पडला. प्रेक्षक उठून उभे राहिले.