किहीमचा एक पावसाळा : पक्षितज्ज्ञ सलीम अली

जूनच्या सरी स्थिरावल्या की सिल्वासाजवळच्या खेरडीपासून कोकण-गोव्यापर्यंत ताडामाडांच्या झावळ्यांना सुगरण पक्ष्यांचे खोपे लोंबू लागतात. घराच्या आसपास होणारे हे बांधकाम आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तरीही खोपा विणतो कोण, त्यात नांदते कोण आणि बांधणारा पुढे कोठे जातो, हे प्रश्न फारसे कोणाला पडत नाहीत. ते ज्यांना पडले आणि ज्यांनी त्यांची उत्तरे धीराने शोधली, त्या सलीम अली यांचे चरित्र म्हणूनच घराशेजारच्या पक्ष्यांकडे पाहण्याच्या कलेचेही चरित्र आहे.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली, आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांच्या घरी ते वाढले. मामा शिकारी होते. घरात बंदुकांचे कौतुक होते. त्याच वातावरणात भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक आली.

खेतवाडीच्या तबेल्यात चिमण्यांचे घरटे होते. मादी आत अंडी उबवीत असे आणि नर दाराशी खिळ्यावर बसे. बालक सलीमने गाडीआड दडून तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला, तोही पडला. सात दिवसांत असे आठ नर मारले गेले, आणि प्रत्येक वेळी रिकामी जागा भरली गेली. हे सारे त्या मुलाने वहीत नोंदवून ठेवले. आज ती नोंद वाचताना हळहळ वाटते, पण दहा वर्षांच्या मुलाने घरट्याभोवतीचा व्यवहार इतक्या नेटकेपणाने टिपावा, याचे आश्चर्यही वाटते.

पुढे असाच एक पक्षी हाती आला. दिसायला चिमणी, पण गळ्यावर पिवळा डाग. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोण? मामांनी चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, ती पीतकंठी चिमणी निघाली. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण त्यांनी मुलासमोर उघडले आणि त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली.

दिशा मिळाली तरी पोटापाण्याची व्यवस्था मात्र झाली नाही. ब्रह्मदेशात कौटुंबिक खाण व लाकडाच्या धंद्यात काही वर्षे गेली. परतल्यावर वाणिज्याच्या शिक्षणासोबत सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे अध्ययन झाले. 1918 मध्ये तहमिना यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. ती नोकरी असताना रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 मध्ये परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

मुंबईत राहणे परवडेना, म्हणून हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. बेकारीचे ते दिवस होते. पण घराजवळच सुगरणींची वसाहत होती, आणि वेळ भरपूर होता. खेतवाडीच्या तबेल्यात बंदूक होती. किहीमला आडोसा, दुर्बीण आणि वही होती. पावसाळाभर ते पाहत राहिले.

जे दिसले ते लोकसमजुतीच्या उलट होते. खोपा विणतो तो नर, विणीच्या हंगामात डोक्यावर पिवळी टोपी मिरवणारा. गवताच्या व पात्यांच्या धांदोट्या आणून तो शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार करतो आणि थांबतो. मग चिमणीसारख्या साध्या रूपाच्या माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. पसंती मिळाली तरच पुढची नळी व अंड्यांची खोली पूर्ण होते. नापसंत खोपा तसाच लोंबत राहतो. मादी अंडी घालून एकटीच उबवू लागली की नर शेजारी दुसरा खोपा आरंभतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. एकाच हंगामात पाठोपाठ संसार मांडण्याची ही रीत त्यांनी नेमकेपणाने मांडली, आणि 1931 मध्ये संस्थेच्या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

येथे भाषेची एक गंमत सांगावीशी वाटते. मराठीने या पक्ष्याला सुगरण म्हटले, बहिणाबाईंनीही खोप्याचे श्रेय तिलाच दिले. किहीमच्या नोंदींनी ते श्रेय नराकडे वळवले. पण पारखण्याचे काम मादीचेच, तेव्हा नाव अगदीच चुकले असे म्हणवत नाही.

घराशेजारचे घरटे कोणाचे, हे ओळखण्याची रीतही या अभ्यासातून सहज कळते. घरट्याला हात न लावता दूर बसावे आणि ये-जा करणारा पक्षी पाहावा. पाने शिवून केलेला द्रोण शिंप्याचा. कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेली, फांदीला लोंबणारी छोटी पिशवी शिंजिराची, आणि ती मादीनेच केलेली. 1941 मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात हीच सोपी दृष्टी आहे. पक्षी चिमणीएवढा की बुलबुलाएवढा, मैनेहून मोठा की कावळ्याहून लहान, अशी परिचित मापे त्यांनी वाचकाच्या हाती दिली. शास्त्र दिवाणखान्यातून ओसरीवर आले ते या मापांमुळे, असे मला वाटते.

हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांची पक्षी-सर्वेक्षणे किहीमनंतरची. त्या भटकंतीत तहमिना सोबत असत. पतीचे इंग्रजी लेखन घोटीव होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. सलीम अली यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ, 1958 चे पद्मभूषण, 1976 चे पद्मविभूषण, 1985 मधील राज्यसभेची नियुक्ती, हे सारे सर्वपरिचित आहे. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा मोसमी पावसाचेच दिवस होते. पुढच्याच वर्षी मांडवीतील चोडण बेटावर खारफुटीचे पावणेदोन चौरस किलोमीटरांचे अभयारण्य उभे राहिले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. रायबंदरहून फेरीबोटीने तेथे आजही जाता येते.