डॉक्टर जेरुशा झिराड

कोकणात अलिबागच्या आसपासच्या गावांतून बेने इस्रायल नावाचे यहुदी लोक शतकानुशतके राहत आले. बोली मराठी, बायकांची नेसणी आपल्यासारखीच, आणि धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार त्यांचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांत बापाची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाला धर्म शिकवावा, त्याचे लग्न करून द्यावे, आणि पोट भरेल असा एखादा धंदाही शिकवावा. हे शेवटचे न करणाऱ्या बापाला त्यांच्यात मोठा दोष लावतात. पण हे झाले मुलाचे. मुलीचे काय?

जेरुशाबाईंचे आडनाव झिराड, ते अलिबागजवळच्या झिराड गावावरून पडलेले. त्यांचा जन्म मात्र म्हैसूर संस्थानात शिमोग्याला, १८९० साली झाला. लहान असताना त्यांची बहीण फार आजारी पडली. मुंबईच्या कामा इस्पितळातील एका डॉक्टरीणबाईंनी तिला बरे केले. आपणही अशाच डॉक्टर व्हायचे, हे त्या मुलीने तेव्हाच ठरवले. पुण्याच्या हुजूरपागेत शिकून त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात गेल्या. पुढे विलायतेला जायचे, तर पैसा हवा. तो टाटांच्या निधीतून कर्जाऊ मिळाला. त्यानंतर हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिकडे शिकण्यासाठी ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९१९ साली त्यांनी लंडनची एम. डी. पदवी घेतली.

भगिनींनो, मुलीसाठी कर्ज काढणे आपल्यालाही नवे नाही. पण ते कर्ज लग्नाचे असते! मी सातवी झाले आणि माझ्या वडिलांनी भांडीकुंडी जमवायला सुरुवात केली. त्यांनी प्रेमानेच केले. पण उद्या चार पैसे मिळवायची वेळ आली तर ही काय करील, हा विचार त्यात नव्हता. पांढरकवड्यात अशा किती जणी आहोत, ते आपल्या मंडळाला ठाऊक आहेच.

१९२८ साली जेरुशाबाई त्याच कामा इस्पितळाच्या मुख्य झाल्या आणि १९४७ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात, ह्याची त्यांनी कसून पाहणी केली. मला त्यांचे हे काम सर्वांत मोठे वाटते. मेलेल्या बाळंतिणीची चौकशी त्या काळी कोण करीत होते?

आपल्याला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. १९१३ साली मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ निघाले, त्यात जेरुशाबाईंचा पुढाकार होता. तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या.

१९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या.